आमच्या घरातलं पहिलं 'न्हाय'

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय, ढोकीत कुणालाबी विचारा. ही कुलसुमबी येताना दिसली की भाजीवाली आधीच किडकी वांगी बाजूला काढती. मशिदीमागचं गटार तुंबलं तर मी ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचाला सुनावून येते. पण ही सगळी बडबड उंबऱ्याच्या भाईर. घरात एक माणूस असा हाय की त्याच्यासमोर माझ्या जिभेला कुलूप लागतं. ते म्हंजे अक्रमचे अब्बा, माझे मालक.

त्यांचं नाव मी घेत न्हाय. गाव त्यांना आयुबचाचा म्हणतं, जुनी माणसं आयुब पॅनमन म्हणतेत. साखर कारखान्यात उसाचा रस शिजवून त्याचा दाणा धरायचं काम त्यांनी जन्मभर केलं. शिजता माल काचेच्या तुकड्यावर घ्यायचा, उजेडाला धरायचा, आन् 'झालं' म्हणायचं. त्यांच्या त्या 'झालं'पुढं साहेबबी आडवं बोलायचा न्हाय. मग घरीबी तीच सवय लागली. कधी मारलं न्हाय, कधी शिवी दिली न्हाय. आवाजसुद्धा चढवत न्हाईत, नुसते बघतेत. ते बघायला लागले की आपण नजर खाली घालायची आन् ते म्हणतील त्याला 'जी' म्हणायचं, हा आमच्या घरचा कायदा. मोठ्याच्या नजरेला नजर देणं म्हंजे बेअदबी. मला सासूनं शिकवलं, म्या अक्रमला शिकवलं. सून आली ती माहेराहूनच शिकून आली.

सून म्हंजे शाहीन, तामलवाडीची. तुळजापूरहून सोलापूरकडं निघालं की घाट उतरून पुढं लागतं ते गाव. लग्नाला थोडेच दिवस झाले होते, आन् तिच्या चुलतभावाच्या निकाहाला आमी सगळे यष्टीनं चाललो होतो. घाट उतरला, गाडी जराशी पुढं गेली, आन् एका फाट्यावर हे उठले. म्हणाले, "उतरा. आली तामलवाडी."

कंडक्टर म्हणाला, "चाचा, तामलवाडी अजून म्होरं हाय."

ह्यांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं गपकन घंटी मारली. अक्रम उतरला, मी उतरले. आन् ती नवी नवरी, त्या रस्त्यावर लहानाची मोठी झालेली, जिला तिथलं झाडन्झाड ठाऊक, तीबी पदर सावरत नजर खाली घालून उतरली. यष्टी गेली. दोन्हीकडं नांगरलेलं काळं रान आन् वर एप्रिलचं ऊन. कुणी ब्र काढला न्हाय. मिठाईची टोपली डोक्यावर घेऊन आमी चालायला लागलो. पोचलो तवा निकाह होऊन मांडवात उष्टी ताटं उचलत होते.

म्या शाहीनला मोरीपाशी गाठलं. म्हणलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय अम्मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"अब्बा म्हणाले ना," ती म्हणाली.

मला लई बरं वाटलं. अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हणून म्या परत आल्यावर सगळ्या गल्लीला सांगितलं.

अक्रमबी बापाच्या हाताखाली पॅनमन झाला. पुढं त्याला केनियातल्या एका साखर कारखान्याचं बोलावणं आलं. आपल्याकडची बरीच माणसं तिकडच्या कारखान्यांत जातेत. तो बायकोला आन् लेकीला घेऊन गेला. लेक म्हंजे आमची हुमेरा, तवा दहा वर्षांची होती. इथल्या मराठी शाळेत कायम पुढच्या बाकावर बसायची. तिकडं कारखान्याच्या वसाहतीत होती ती बारक्या पोरांची शाळा. मोठ्या पोरांसाठी शहरात एक चांगली शाळा होती, पण तिथं आधी परीक्षा घेतेत. सगळं इंग्रजीत.

शाहीन स्वतः नववीपर्यंत शिकलेली. पोरीला शिकवायचं म्हणून ती आधी स्वतः शिकली. पोळ्या लाटताना पुस्तक डब्याला टेकवून ठेवायची. अक्रम फोनवर हसत सांगायचा, "अम्मी, हल्ली पोळी करपली तर समजायचं की धडा अवघड हाय." शेजारच्या बायांशी मोडकंतोडकं बोलून बोलून तिनं जीभ वळवली, आन् मग पोरीची वळवली. मी इथं बसून ऐकत होते आन् मनात म्हणत होते, ही तीच का, यष्टीतून गुमान उतरलेली?

पेपर फर्मास गेला. त्यानंतर तिथल्या मोठ्या बाईंसमोर बसून बोलायचं होतं. बाईंनी बाजाराचं एक चित्र दाखवलं आन् म्हणाल्या, "ह्या मुलाच्या हातात तीन फुगे आहेत, हो ना?" फुगे चार होते. मूल नीट बघतंय का आन् आपलं म्हणणं मांडतंय का, हे बघायची त्यांची ती रीत. आमच्या हुमेरानं चार मोजले, नजर पायाकडं नेली आन् म्हणाली, "येस मॅडम." बाईंनी पांढरी गाय दाखवून काळी म्हणलं. पोरगी म्हणाली, "येस मॅडम."

शाळेनं सांगितलं, मुलगी हुशार हाय, पण स्वतःचं काय बोलतच न्हाय. सुट्टीनंतर आणखी एकदा आणा. तवाबी न्हाय जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल.

फोनवर शाहीन रडत होती. "अम्मी, म्या तिला घरी आल्यावर विचारलं, फुगे किती होते गं? म्हणाली, चार. म्हणलं, मग हो कशाला म्हणलीस? तर म्हणती, त्या मोठ्या होत्या ना, मोठ्यांना खोटं कसं पाडायचं? आता मी तिला कुठल्या तोंडानं रागावू? मीच शिकवलंय की."

जवळपास दुसरी शाळा नव्हती. ही मिळाली न्हाय तर शाहीननं आन् हुमेरानं ढोकीला येऊन राहायचं आन् अक्रमनं करार संपेस्तोवर तिकडं एकट्यानं काढायचं, असं ठरलं. तीन माणसांचं घर मधूनच फाटणार होतं. खरं सांगू? ऐकून मला लई वाईट वाटलं, आन् त्याच दमाला जरासं गोडबी वाटलं. नात माझ्या अंगणात खेळंल, संध्याकाळी तिची वेणी मी घालीन. माणसाचं मन असं दोन्हीकडून खातं.

उन्हाळ्यात दोघी आल्या. बकरी ईद करून परत जायचं, आन् गेल्या गेल्या परीक्षा. शाहीननं आल्या दिवसापासून पोरीच्या मागं लकडा लावला. आरशासमोर उभं करायची, हुमेरा धडाधड बोलायची. गल्लीतल्या पोरींशी बोलायची, भांडायचीसुद्धा. पण समोर मोठं माणूस आलं की मान गेलीच खाली. आमच्या पलीकडं चारुशीलाबाई राहतेत, शाळेत शिकवायच्या. त्या मुद्दाम आल्या आन् म्हणाल्या, "हुमेरा, बोलणाऱ्याची बोरं विकतात गं. सांग बघू, सात आणि सहा बारा होतात ना?"

पोरगी चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "हो बाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, म्या बाईंकडं बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शाहीन मात्र लेकीकडं बघत नव्हती. ती ओसरीवरच्या रिकाम्या लोखंडी खुर्चीकडं बघत होती. ती खुर्ची अक्रमच्या अब्बांची. तिच्या मनात काय शिजतंय, हे मला तवा कळलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना, असरच्या नमाजाआधी, हे त्या खुर्चीत बसले होते आन् कारखान्यातले जुने सोबती बब्रुवानभाऊ समोर बाजेवर. हुमेरा खाली पायरीवर होती. शाहीन चहा घेऊन भाईर गेली, मी दाराआड उभी. बब्रुवानभाऊंनी विचारलं, "चाचा, अक्रमचा देश कुठंशी आला म्हणायचा?"

हे म्हणाले, "केनिया? दुबईच्या शेजारी. दुबई ओलांडली की आलंच."

"व्हय व्हय, तिकडंच की," बब्रुवानभाऊ म्हणाले. त्यांना काय, उद्या चंद्रावर म्हणलं असतं तरी व्हयच म्हणले असते.

शाहीननं ट्रे खाली ठेवला. डोक्यावरची ओढणी नीट केली. आन् मान वर करून, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "न्हाय अब्बा. तुमी चुकताय. केनिया आफ्रिकेत हाय."

 आमच्या घराला त्या ओसरीवर 'न्हाय' हा शब्द माहीत नव्हता. तोबी सुनेच्या तोंडून, आन् परक्या माणसासमोर. बब्रुवानभाऊ चहा तसाच ठेवून "येतो चाचा, म्हशीचं बघायचंय" म्हणत उठले. त्यांच्याकडं म्हैस न्हाय.

हे बघायला लागले. तेच बघणं, ज्याला कारखान्यातला साहेबबी बिचकायचा. शाहीननं नजर काढली न्हाय.

"काय म्हणलीस?"

"तुमी चुकताय म्हणलं. अब्बा, तुमचा अवमान करायचा न्हाय मला. पण माझी पोरगी मोठ्यांना चूक म्हणू शकत न्हाय, म्हणून तिची शाळा चाललीय हातची. तिला आरसा शिकवंना, बाई शिकवंनात. तुमीच शिकवू शकता. तुमच्यासमोर तिला न्हाय म्हणता आलं, तर दुनियेत कुणासमोरबी म्हणता येईल."

पायरीवर हुमेरा आईकडं बघत होती. तोंड उघडं ते मिटायचं विसरली होती.

हे उठले, चपला घातल्या आन् चहा न पिता मशिदीकडं गेले. मी आत पळाले. शाहीन चुलीजवळ भिंतीला टेकून खाली बसली होती.  मी बोलायला गेले होते, चांगली फाडून खायला गेले होते. पण तिनं आपले दोन्ही हात पुढं केले, लटलट कापत होते. म्हणाली, "ट्रे खाली ठेवला नसता अम्मी, तर कप फुटले असते."

म्या तिचे हात धरले. म्हणलं, "एवढी भ्यालीस, तर बोललीस कशी गं?"

"हुमेरा बघत होती ना," ती म्हणाली. "तिला वाटतं, न्हाय म्हणलं की आभाळ कोसळतं. कोसळत न्हाय, हे तिनं बघायला पाहिजे होतं."

मी गावभर वटवट करणारी बाई. पण ह्यांच्यापुढं असं एक वाक्य म्या कधी उच्चारलं नव्हतं. उन्हात गुमान चालत गेलेली ती पोरगी, आन् ही. आत एवढं धाडस कुठं ठेवलं होतं हिनं, आन् एवढी वर्षं मला कसं दिसलं न्हाय? मी तिला पाणी दिलं. मग मीबी प्यायले.

हे परत आले. मला वाटलं, आता 'सामान बांधा' म्हणतेत. खुर्चीत बसले. हाक मारली, "हुमेरा."

ती आपल्या दादासमोर, म्हंजे आजोबांसमोर, जाऊन उभी राहिली. ह्यांनी आपला पंजा पुढं धरला. "किती बोटं हायत?"

"पाच, दादा."

"चार हायत."

"जी दादा."

"वर बघ," हे म्हणाले. "उद्या परत विचारीन."

आन् ही आमच्या घरची शाळा सुरू झाली. रोज असरनंतर हे खुर्चीत, हुमेरा समोरच्या स्टुलावर. चुकीचं बोलायचं त्यांना सुरुवातीला जमतच नव्हतं. जन्मभर बरोबर असलेला माणूस, मुद्दाम चुकायला लई कष्ट पडायचे. दुपारी आडवे पडून चुका जुळवायचे. मग संध्याकाळी तोंड गंभीर करून सांगायचे की ज्वारीची साखर होती. शेळीला शिंगं नसतेत. ढोकी कर्नाटकात हाय. मी आत पदर तोंडात कोंबून हसायची, आन् पोरगी खाली बघून 'जी दादा, जी दादा'. मान वर यायची ती हनुवटीपर्यंत, डोळे काय त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचायचे न्हाईत. बकरी ईद जवळ आली. शाहीनचं जेवण कमी झालं. मी दोन्हीकडून दुवा मागायचे, आन् अल्लाहलाच कळंना झालं असंल की ह्या बाईला नेमकं काय पाहिजे.

मग एक दिवस त्यांच्या चुका संपल्या. टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "तुझ्या बापाला दाणा धरता येत न्हाय. त्याचा माल कायम बिघडतो."

हुमेराची मान झटक्यात वर आली. डोळे सरळ त्यांच्या डोळ्यांत.

"न्हाय," ती म्हणाली. "झूठ हाय ते. माझ्या अब्बूचा दाणा सगळ्यांत साफ असतो. म्या काचेवर बघितलाय. तिकडचे लोक त्यांनाच बोलावतेत. तुमी चुकताय, दादा."

 ह्यांनी कधी अक्रमची तारीफ केली न्हाय. पोरगं एवढं लांब गेलं, तरी 'शाब्बास' असं तोंडातून आलं न्हाय. त्या दिवशी त्यांची हनुवटी हलली. म्हणाले, "लई साफ असतो?"

"लई."

"मग मी चुकलो," हे म्हणाले, आन् पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आत शाहीन ओढणीत तोंड घालून रडत होती. मीबी. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्या त्याला खोटारडा म्हणलं असतं.

त्यानंतर पोरीला आवरणं मुश्किल झालं. "दादी, भाजीत मीठ जास्त पडलंय." "दादी, तुमी काल वेगळं सांगितलं होतं." एकदा चारुशीलाबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ मागं पडलंय म्हणून त्यांना सांगून आली. बाई खूश झाल्या. मी न्हाय झाले, पण बोलू कुणाला?

जायच्या आदल्या दिवशी मी शाहीनची पेटी भरत होते. ती म्हणाली, "अम्मी, आमी इथंच राहावं असं तुमाला वाटतं, मला ठाऊक हाय."

"वाटतं की," म्या म्हणलं. "पण त्यासाठी पोरगी नापास व्हायला नको." एवढं बोलून मी चटणीचा डबा पेटीत कोंबला.

परीक्षेच्या दिवशी हे सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारी जेवले न्हाईत. संध्याकाळी फोनवर हुमेराचं तोंड दिसलं. म्हणाली, "दादा, बाईंनी आज नदीचं चित्र दाखवलं. म्हणाल्या, होडीत दोन माणसं हायत. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हणलं, न्हाय मॅडम, माफ करा, पण तीन हायत, एक वाकलेला हाय म्हणून दिसत न्हाय. मग बाईंनी चित्र जवळ घेतलं. दादा, त्यांनापण तिसरा दिसला नव्हता. त्या खरंच चुकल्या होत्या."

"मग?"

"मग हसल्या. मला घेतलं."

ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. बब्रुवानभाऊंना दोन दिले आन् सांगितलं, "केनिया आफ्रिकेत हाय."

आता घर रिकामं झालंय. पोरगी तिकडच्या शाळेत जाती, गळ्यात टाय बांधती, फोटो येतेत. अक्रमचं घर एक राहिलं आन् माझं अंगण सुनं राहिलं. मला दोन्ही कळतं. हे मात्र असरनंतर त्याच खुर्चीत बसतेत, समोर स्टूल तसंच. परवा मी चहा घेऊन गेले. हे रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, "शेळीला शिंगं नसतेत."

सवयीनं बोलले असतील. स्टुलाकडं बघितलं त्यांनी.  मग हळू आवाजात परत म्हणाले, "नसतेत शिंगं."

माझा लई जीव तुटला. शाहीनसारखा म्या आधी ट्रे खाली ठेवला. स्टुलावर बसले. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण भर उजेडात त्यांचे डोळे म्या पहिल्यांदा बघितले. पिंगट हायत. अक्रमचेबी तसेच हायत, आन् हुमेराचे. ते कुठनं आले, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

"न्हाय," म्या म्हणलं. "चुकलात तुमी. असतेत."

ते बघत राहिले. म्या नजर काढली न्हाय. आन् एकदा तोंड उघडलं तर माझी जीभ कुठं थांबायला. म्हणलं, "आन् तामलवाडीबी चुकली होती. तो फाटा अलीकडचा होता. आमा सगळ्यांना ठाऊक होतं."

त्यांनी कप उचलला, तसाच हातात धरला.

"मलाबी ठाऊक होतं," ते म्हणाले. "यष्टी हलली तवाच कळलं. पण तुमी कुणीच काय बोलला न्हाईत. मग मी एकटा काय बोलणार?"